कावीळ पुन्हा पुन्हा होतेय? लिव्हरसोबत रक्तही बघा

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर ऐका, मीही तिथलाच आहे. आजचा विषय माझ्या रक्तातलाच आहे.

शाळेत मला ‘पिवळ्या’ म्हणायचे. डोळे कायम पिवळट. ताप आला की कावीळ ठरलेली. मग उसाचा रस, मुगाची खिचडी, गळ्यात काविळीची माळ. कुणी लिव्हरचं औषध दिलं, कुणी लोहाच्या गोळ्या. पप्पांचं पित्ताशय तिशीच्या आत काढलेलं, आत्याचे डोळेही पिवळे. आजी म्हणायची, “आपल्या घराण्यातच कावीळ आहे.” उत्तर तेच होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

कॉलेजात असताना जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ६. नव्या डॉक्टरांनी पोट तपासलं, प्लीहा वाढलेली. मग विचारलं, “घरात अजून कुणाला?” बस, तिथून सगळं सुटत गेलं.

आजाराचं नाव हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. नेहमीची लाल पेशी चपटी, मधे खोलगट असते, म्हणून अरुंद वाटेतून वाकून जाते. साधारण १२० दिवस जगते. माझ्या पेशींचं आवरण कच्चं, त्यामुळे त्या चेंडूसारख्या गोल होतात. फाट्याच्या वळणावर कंटेनर अडकतो, तशा त्या प्लीहेत अडकतात आणि लवकर फुटतात. त्यातून बिलिरुबिन वाढतं. डोळे पिवळे होतात, पित्ताशयात खडे होतात. लिव्हर मात्र ठणठणीत!

तपासण्या कोणत्या? सीबीसी, रेटिक काउंट, इनडायरेक्ट बिलिरुबिन, काचपट्टीवर रक्ताचा स्मिअर, कूम्ब्ज टेस्ट आणि शेवटी ईएमए टेस्ट. मी दिव्याहून लोकल पकडून परळला गेलो. तिथे केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते.

आता काय करतो? डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड, अधूनमधून सोनोग्राफी. लोह फक्त फेरिटिन कमी असेल तरच. तापानंतर अचानक पांढरंफटक पडलो, तर लगेच हॉस्पिटल, कारण पार्व्होव्हायरस नव्या पेशी बनणंच काही दिवस थांबवतो. आजार तीव्र असेल तर प्लीहा काढतात. त्याआधी न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या लसी घ्याव्याच लागतात. आणि हो, एचबीएवनसी टेस्ट आमच्यात फसवी ठरते, साखर कमीच दाखवते.

बहुतेक घरांत एका पालकाला हा आजार असेल, तर प्रत्येक बाळाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. ताईला सौम्य आहे. बाळंतपणाआधीच तिने बाळाच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं. पहिल्या दिवसापासून बिलिरुबिन मोजलं, वेळेत निळ्या दिव्याखाली ठेवलं. भाचा आता मस्त रांगतोय. त्याच्या गळ्यात माळ नाही, फाइलमध्ये रिपोर्ट आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच विचारा: आपल्यात कुणाचे डोळे पिवळे असायचे? कुणाचं पित्ताशय लवकर काढलं? उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांना जरूर सांगा. भेटू पुढच्या भागात!