दाताला कॅप बसवण्याआधी

देवनारला माझा दातांचा दवाखाना आहे. गोवंडी, शिवाजीनगर, पांजरापोळ, अणुशक्तिनगर अशा आसपासच्या वस्त्यांतून लोक येतात. त्यांतले बरेच जण खुर्चीत बसता बसताच विचारतात, ‘डॉक्टर, कॅपला किती पडतील?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की कॅपखाली माझा दात किती शिल्लक आहे?

कॅप म्हणजे दातावर बसवलेली टोपी. ती कीड बरी करत नाही. कीड आधी पूर्ण काढावी लागते आणि उरलेला दात फुटू नये म्हणून वरून टोपी घालायची असते. तिला घट्ट धरायला हिरडीच्या वर दीड ते दोन मिलिमीटर तरी निरोगी दात सर्व बाजूंनी लागतो. तेवढा नसेल, किंवा दात मुळापर्यंत उभा चिरला असेल, तर महागातली कॅपसुद्धा टिकत नाही. पैसे साठवून आलेल्या माणसाला ‘ही दाढ काढावी लागेल’ असं सांगणं जिवावर येतं. पण वर्षभरात कॅपसकट दाढ हातात येण्यापेक्षा ते बरं. म्हणून काम सुरू करण्याआधी एक्स-रे काढून घ्या आणि तो समजावून मागा.

दुसरी गोष्ट. कॅपसाठी दात चोहोबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. घासलेलं आवरण पुन्हा वाढत नाही. त्यामुळे नुसता रंग आवडत नाही म्हणून धडधाकट दात घासून घेण्याआधी दहादा विचार करा. लहान खड्डा असेल तर सिमेंट भरून भागतं.

रूट कॅनालनंतर मात्र दाढेला बहुधा कॅप लागतेच. अशी दाढ आधीच पोखरलेली असते आणि चावण्याचा सगळा भार तिच्यावर येतो. दुखणं थांबलं म्हणून कॅप लांबणीवर टाकलेली दाढ भाकरीच्या कडक तुकड्यावरही फुटू शकते. पुढचा दात बराचसा शाबूत असेल, तर रूट कॅनालनंतरही कधी कधी कॅपशिवाय चालतं.

आता प्रकार. धातूची कॅप मजबूत आणि स्वस्त, तिच्यासाठी दातही कमी घासावा लागतो; मागच्या दाढेला ती उत्तम. धातूवर पोर्सेलीन चढवलेली कॅप दाताच्या रंगाची दिसते. पण तिचा टवका उडू शकतो आणि हिरडी मागे सरकली की काळसर कड दिसते. झिर्कोनियाची कॅप मजबूत आणि दिसायलाही चांगली, पण महाग. स्वस्त धातूच्या कॅपमध्ये बहुधा निकेल असतं. नकली दागिन्यांनी कान चिघळत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. झोपेत दात खाण्याची सवय, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हेही लपवू नका.

माप घेतल्यावर काही दिवस तात्पुरती कॅप असते. त्या काळात त्या बाजूने चिक्की, तिळगूळ खाऊ नका. कायमची कॅप सिमेंटने चिकटवण्याआधी आरशात रंग पाहा, दात मिटून पाहा. एकच दात आधी लागतो आहे असं वाटलं तर संकोच न करता सांगा. ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नका. उंच राहिलेली कॅप पुढे दाढ दुखवते.

कॅपबरोबर वॉरंटी कार्ड मिळतं. ती हमी कॅपची असते, आतल्या दाताची नाही. कॅपला कीड लागत नाही, पण कॅप आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला लागते. तिथे ब्रश फिरला पाहिजे, फटीत दोरा गेला पाहिजे. मिशरी हा त्यावर उपाय नाही. त्यात तंबाखू असते. नीट निगा राखली तर कॅप दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकते. निघालीच तर घरच्या गोंदाने चिकटवू नका. डबीत ठेवून दवाखान्यात घेऊन या.

खाजगी दवाखान्यातला खर्च झेपत नसेल, तर गोवंडीहून हार्बरच्या गाडीने थेट सीएसएमटीला जाता येतं. तिथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. खेपा जास्त होतात, वेळ लागतो, पण पैसे बरेच कमी पडतात. खर्चाच्या धास्तीने दाढ तशीच ठेवू नका. आज कॅप घालून वाचणारी दाढ उद्या तेवढी उरेलच असं नाही.