शेगडीवरची जाळी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उन्हाळा आला कीं घरामागच्या अंगणांत शेगड्या मांडल्या जातात. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनीं तर मांसाच्या व मक्याच्या कणसांच्या खमंग धुरानें गल्ल्या दरवळतात. पाहुणे मसाल्याची वाखाणणी करतात. अन्न ज्या जाळीवर भाजलें, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

तें लक्ष वेधलें डॉक्टरांनीं. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथें मार्च २०११ ते जून २०१२ या अवधींत सहा चमत्कारिक रुग्णांची नोंद झाली. कोणास घोट गिळतांना असह्य वेदना होत, तर कोणाच्या आंतड्यास छिद्र पडून तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. सर्वांनीं जाळीवर भाजलेलें मांस खाल्लें होतें आणि सर्वांच्या पोटांत वा घशांत एकच वस्तु सांपडली : जाळी घासावयाच्या ब्रशाचें तारेचें कुसळ! पुढें झालेल्या एका अभ्यासानें २००२ ते २०१४ या काळांतील अशा इजांचा अंदाज सुमारें १,७०० इतका काढला. स्वच्छतेच्या हौसेनेंच हा अपाय व्हावा, ही मोठी विचित्र गोष्ट खरी.

ब्रश झिजला म्हणजे त्याच्या तारा सैल होतात. एखादी तुटून चिकट जाळीस धरून बसते आणि पुढच्या खेपेस अन्नांत शिरते.

वास्तविक एवढ्या घासाघाशीची गरजच नसते. भाजणें आटोपल्यावर जाळी दहा-पंधरा मिनिटें तशीच तापूं द्यावी. चरबी व रस करपून कोरडे, ठिसूळ होतात आणि त्यांची पकड सुटते. मग कठीण लांकडाची पट्टी फिरवावी. तापलेल्या सळयांवर ती पट्टी हळूहळू जळून तिला सळयांच्याच मापाच्या खांचा पडतात, आणि जितकी जुनी होते तितकी ती चांगली बसते. ब्रशाच्या अगदीं उलट! शेवटीं चिमट्यांत धरलेल्या ओलसर फडक्यानें जाळी पुसावी व निवाल्यावर उजेडांत नीट न्याहाळावी. वाफेपासून मात्र हात जपावा.

जाळी कशाची आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. पोलादी जाळी बरेंच सोसते. मुलामा दिलेली जाळी खरवडल्यास मुलाम्याचे टवके उडतात व आंतल्या लोखंडास गंज चढतो. बिडाच्या जाळीची जात मराठी गृहिणीस नव्यानें सांगावयास नको. तिच्या तव्याचीच ती बहीण. ती पाण्यांत भिजत टाकूं नये, चिंचेनें घासूं नये. आंबटानें तिच्यावर जमलेला तेलाचा काळा थर उतरतो. धुतल्याबरोबर विस्तवावर वाळवावी आणि तेलाचा अगदीं पातळ हात फिरवून पुन्हां तापवावी. तेल तापून घट्ट झालें कीं त्याचें कवच बनतें. हात सढळ झाला तर मात्र कवच न होतां चिकटा होतो, आणि तो काढावयास पुन्हां त्या तारेच्या ब्रशाचीच आठवण होते.