यंत्राला पाणी दिसत नाही



नारळवाल्या पाणाड्याला आपण हसतो, पण यंत्रवाल्यापुढे निमूट मान डोलावतो. ही पद्धत १९१२ साली फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी खनिजांसाठी वापरून पाहिली. चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमध्ये विजेचा दाब मोजायचा. खुंट्या लांबवल्या की खोलवरचा अंदाज येतो.

यंत्राला पाणी दिसत नाही, विजेला होणारा विरोध कळतो. अखंड काळ्या पाषाणात विरोध जास्त, ओल्या भेगाळ खडकात कमी. पण दोन पाषाणांमधल्या तांबड्या चिकण थरातही तो कमीच! तिथे बोअर घेतला तर पाण्याऐवजी बहुधा गाळ, आणि कर्ज सातबाऱ्यावर. म्हणून त्याला आधी शेजारच्या विहिरीचे थर दाखवा, आकड्यांचा कागद मागा, मगच पैसे मोजा.