धाकानं नव्हे, भरवशानं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शहरातला शहाणा आपल्याला सांगत आला, "तुम्हाला पोरं फार, म्हणून तुम्ही गरीब." आज या बोलण्याचा हिशेब करू.

कपाशी लावताना नांग्या पडू नयेत म्हणून आपण एका जागी दोन सरक्या टाकतो. घरातही तेच चाललं. गोवर-हगवणीनं दोन लेकरं जातील, एखादं तरी म्हातारपणी भाकरी देईल, म्हणून पाळणा हलत राहिला. तो अडाणीपणा नव्हता. गरिबाचा विमा होता.

सरकारांनी यावर दोन वाटा धरल्या. पहिली धाकाची. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७६ साली सक्तीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. १९७७ साली लोकांनी सरकार पाडलं. 'कुटुंबनियोजन' हे नाव इतकं बदनाम झालं की ते बदलून 'कुटुंबकल्याण' करावं लागलं.

दुसरी वाट शाळेची आणि दवाखान्याची. ती केरळनं धरली. १९९१ च्या जनगणनेत तिथं १०० पैकी ८६ बायका साक्षर होत्या, आपल्याकडं ५२. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळात बाईमागं सरासरी दोन मुलं, महाराष्ट्रात जवळजवळ तीन. सक्तीचा कायदा न करता हे झालं. शिकलेल्या पोरीचं लग्न उशिरा झालं, आणि जन्मलेलं लेकरू जगतं हे आईनं डोळ्यांनी पाहिलं.

लेकरू जगवायला मोठं इस्पितळच लागतं असंही नाही. आपल्या गडचिरोलीत १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथले बाळमृत्यू निम्म्याहून खाली आले.

आता महाराष्ट्राचा आकडाही २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला. पोरं कमी झाली. कर्ज कमी झालं का? मग गरिबीचं खापर आमच्या पाळण्यावर का?

म्हणून मागायचं ते ठणकावून मागा. उपकेंद्रात नर्सबाई मुक्कामाला पाहिजे. दहावीनंतर पोरींना कॉलेजपर्यंत एसटी पाहिजे. आणि एक काम आपल्याच हातातलं : वेचणीच्या दिवसांत पोरीची शाळा बुडवायची नाही.