तापीच्या अलीकडची माकडं, पलीकडची माकडं

आजचा भाग छोटा आहे आणि त्यात कोडिंग अजिबात नाही.

मी मूळचा भुसावळचा. तापीच्या पुलावरून कितीदा गेलो असेन, पण ही नदी माकडांच्या दोन जातींमधली सीमा मानली जाते, हे मला मागच्या वर्षी कळलं. उत्तरेला ऱ्हिसस, शेपूट आखूड. दक्षिणेला बॉनेट, शेपूट लांब आणि डोक्यावर केसांची टोपी. काळ्या तोंडाचं वानर वेगळं, ते दोन्हीकडे दिसतं.

फूडेन, महाबळ आणि साहा यांनी 1981 मध्ये या सीमेची नव्याने मांडणी केली. मग 2011 मध्ये ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांचा अभ्यास आला. ऱ्हिसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटची जागा घेतंय, असं त्यात दिसलं. आता बघा, ऱ्हिसस अफगाणिस्तानपासून चीनपर्यंत आहे. बॉनेट मात्र फक्त आपल्या द्वीपकल्पात. इथून गेलं की संपलं.

हे होतं कशामुळे? एका ठिकाणी पकडलेली माकडं दुसरीकडे नेऊन सोडणं, हे एक कारण मानलं जातं. हे वाचलं आणि मी गप्पच झालो. कारण आमच्या गल्लीत माकडांचा त्रास वाढला तेव्हा वर्गणी काढून पकडणारा बोलावला होता. शंभर रुपये मीही दिले. "लांब सोडून आलो भाऊ," एवढंच तो म्हणाला. लांब म्हणजे नदीच्या कुठल्या बाजूला? शेपूट आखूड होतं की लांब? कोणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून जळगाव-धुळ्यात एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्यांना एक सांगणं आहे. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आपल्या दाराशी आहेत, केळीच्या बागा आहेत, मंदिरं आहेत. जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये सांगितलेली एक पद्धत आजही वापरतात: एकच प्राणी निवडायचा, ठरावीक वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची आणि जे करेल ते लिहायचं. म्हणजे आमच्या भाषेत लॉग ठेवायचा. लागतं काय? दुर्बीण, वही आणि भरपूर चिकाटी.

आणि बाकीच्यांनी? पुढच्या वेळी वर्गणी मागायला कोणी आलं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा, "सोडणार कुठे?"

भेटू पुढच्या भागात. रामराम!