तारेने शिवलेली होडी

नौका बांधणे हे मोजक्या कारागिरांचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती निराधार नाही. आधी कणा घडवावयाचा, त्यावर बाकदार फासळ्या उभ्या करावयाच्या, आणि मग एकेक फळी तासून, वाकवून अशी बसवावयाची की सांध्यातून पाण्याचा थेंब आत येऊ नये. हे कसब हाती येण्यास अर्धे आयुष्य खर्ची पडते. असे असता, ज्याने आजवर फार तर घरातले एखादे फडताळ केले आहे असा गृहस्थ आपल्या ओसरीवर, सुट्टीच्या दिवसांत, पाण्यावर सुरेख चालणारी होडी तयार करतो, हे एकाएकी खरे वाटणार नाही. परंतु जगात अशा हजारो होड्या झाल्या आहेत. प्लायवुडची कयाक ही त्यांतलीच एक.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. त्यांच्या मुलखात होडीजोगे झाड उगवत नाही. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करावयाचा, त्यावर सीलचे कातडे शिवून ताणावयाचे, आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे घेऊन शिकारीस निघावयाचे, अशी त्यांची रीत. ग्रीनलंडमध्ये या होडीचे माप माणसाच्या अंगावरूनच घेत. लांबी त्याच्या वावेच्या सुमारे तिप्पट आणि रुंदी कमरेएवढी, वर दोन मुठी. अंगरखा जसा एकाच्याच अंगाला बेतून शिवावा, तशी ही होडी.

कातड्याची जागा प्लायवुडने घेतली, तिला कारण आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, रेषा आडव्या-उभ्या येतील असे चिकटविले की जो तक्ता होतो, तो सहजी चिरत नाही. चार मिलिमीटर जाडीचा तक्ता हलका असतो, आणि एका दिशेने वाकविला तर चांगला ताठ राहतो. मात्र एकाच वेळी दोन दिशांनी तो वाकत नाही. म्हणून वाटीसारखा गोल आकार त्यातून निघत नाही. लांबट पट्ट्या कापून त्यांच्या कडा एकमेकींस जोडाव्या लागतात.

या कडा जोडावयाच्या कशा, हाच खरा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये केन लिटलडाईक यांनी कयाकसाठी जी युक्ती योजिली, ती शिंप्याची आहे. पट्ट्यांच्या कडेला बारीक भोके पाडावयाची, त्यांतून तांब्याच्या तारेचे टाके घालावयाचे आणि पकडीने पीळ द्यावयाचा. पुढे १९६३ मध्ये बॅरी बकनेल व जॅक होल्ट यांनी याच पद्धतीने शिडाची एक लहान होडी सिद्ध केली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने तिचा पुरस्कार केला म्हणून तिचे नाव ‘मिरर’ पडले. तिचे सुटे सामान आरंभी ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळे. अशा ७०,०००हून अधिक होड्या झाल्या, आणि त्यांतील कितीतरी घरीच बांधल्या गेल्या.

तक्त्याची लांबी साधारणतः आठ फूट आणि कयाक पंधरा-सोळा फुटांची. तेव्हा दोन तक्त्यांच्या कडा रंध्याने उतरत्या करून, एकीवर एक ठेवून चिकटवितात. हा उतार जाडीच्या आठपट लांब असावा, असा संकेत आहे. मग डाव्या-उजव्या पट्ट्या जोडीने कापतात, म्हणजे त्यांत तफावत राहत नाही. टाके पडू लागले की जमिनीवर सपाट पडलेल्या पट्ट्या हळूहळू उभ्या राहतात आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत होडीचा आकार डोळ्यांसमोर येतो. या घडीस घाई करू नये. दोरी ताणून होडी कोठे पिळली तर नाही ना, हे पाहावे. एकदा राळ घट्ट झाली की तो पीळ जन्माचा राहतो. आतल्या सांध्यात राळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा भरतात, वर काचतंतूंची पट्टी बसवितात. लगदा कठीण झाला की तारा कापून काढतात. बाहेरच्या कडा गोल करून तेथेही पट्टी चढवितात.

होडी शिवणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते करण्याची विद्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके नांदली. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज २०२५ साली कारवार येथे नौदलात दाखल झाले. भेद एवढाच की तेथे टाका हाच जहाजाचा आधार, आणि येथे तो राळ सुकेपर्यंतचा सोबती.

म्हणूनच या होडीचे सारे बळ न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. राळ व तिला घट्ट करणारे द्रव्य यांचे प्रमाण चुकले तर सांधा वरून चकचकीत आणि आतून मऊ राहतो. तक्ता साधा घेतला तर पाण्याने त्याचे पापुद्रे सुटतात. भारतात मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. त्याचा शिक्का पाहूनच माल घ्यावा. राळ हाताळताना हातमोजे आणि घासकाम करताना तोंडावर मुखपट्टी हवी. नाळेकडे व मागे हवाबंद कप्पे केलेच पाहिजेत. होडी उलटली, पाणी भरले, तरी तेच तिला तरंगती ठेवतात.

पहिला प्रवास नदीच्या मध्यावर नव्हे, कमरेएवढ्या संथ पाण्यात, अंगात तरंगजाकीट घालून आणि काठावर सोबती उभा करून करावा. तेथे होडी मुद्दाम उलटवून पाहावी. पावसाळ्यातील पूर अथवा खवळलेला समुद्र यांच्या वाटेस नवख्याने जाऊच नये.

बाजारातून वस्तू घेणारा मनुष्य दोष दुसऱ्याच्या माथी मारू शकतो. स्वहस्ते बांधलेल्या कयाकमध्ये बसणाऱ्यास ती सोय नाही. कंटाळून सोडलेला एखादा सांधा कोणता, हे त्यालाच ठाऊक असते, आणि पाणीही तोच सांधा शोधून काढते. जो हा विचार मनात ठेवून टाका घालतो, त्याची होडी त्याला पैलतीरी नेते आणि सुखरूप परत आणते.