चीनला गेलेलें आपलें शल्यवैद्य-पथक



भंडाऱ्याच्या एका शाळेंत मीं कित्येक वर्षें इतिहास शिकविला. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव प्रतिवर्षीं घेतलें. परंतु त्यांच्यासमवेत गेलेले डॉ. चोळकर आपल्या शेजारच्या नागपूरचे, हें मुलांस एकदांहि सांगितलें नाहीं. मलाच तें ठाऊक नव्हतें! आजचें भाषण त्या उणिवेची भरपाई समजावें.

१९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी स्वारी केली. चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्य मागितलें. काँग्रेसचे तेव्हांचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनीं निधीसाठीं आवाहन केलें. आणि १९३८ च्या सप्टेंबरांत अटल, चोळकर, कोटणीस, बसु व मुकर्जी हे पांच डॉक्टर मुंबईहून बोटीनें निघाले. देश स्वतः परतंत्र, आणि माणसें निघालीं दुसऱ्याच्या जखमा बांधावयास!

पथक लष्करी नव्हतें, काम मात्र लष्कराबरोबरचें होतें. १९४० च्या एका लढाईंत कोटणिसांनीं सतत ७२ तास, झोंप न घेतां, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या असें सांगतात.

परंतु मज मास्तरास त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. परदेशीं गेलेलें पथक कितीहि कुशल असो, तें एक दिवस परततें. मागें उरतो तो सुरी धरावयास न शिकलेला मदतनीस. २०२३ सालीं तुर्कस्तानांत भूकंप झाला, तेव्हां आपल्या सैन्याच्या ६० व्या पॅराशूट पथकानें इस्केंदेरून येथें ३० खाटांचें रुग्णालय उभारलें. सुमारें दोन आठवड्यांनीं तें परतलें. भूकंपांत तेंच योग्य. तेथें शिकवावयास सवड कोठली?

कोटणिसांनीं ती काढली. ते चिनी भाषा शिकले. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यवैद्याचें, शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम चिघळून, १९३९ त चीनमध्यें निधन झालें होतें. त्याच्या नांवाच्या रुग्णालयाचे १९४१ त कोटणीस प्रमुख झाले आणि तेथल्या तरुणांस शिकवूं लागले.

पांचांपैकीं चौघे स्वदेशीं परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, तिकडेच निवर्तले. विद्यार्थ्यांसाठीं शस्त्रक्रियेवर एक पुस्तक त्यांनीं लिहून संपविलें होतें. दुसरें अर्ध्यावर राहिलें.